गच्चीवरची टाकी आणि सक्तीची मिलिटरी

(छत्रपती संभाजीनगर, सोसायटीचा ग्रुप, रविवार)

देशमुख काका ए-१०१ (६:०४)
सर्वांना नमस्कार. रात्री गच्चीवरची टाकी पुन्हा भरून वाहिली. जिना ओला, पार्किंगमध्ये तळं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आपण दहा हजार लिटरचा टँकर विकत घ्यायचा आणि नालीत सोडून द्यायचा. गच्चीवर कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी नाव घेत नाही.

देशमुख काका ए-१०१ (६:०९)
बी विंगचीच पोरं होती.

शिंदे सेक्रेटरी (६:२०)
काका, मोटर बंद केली आहे. साडेचारला वॉचमन मामांचा धाकटा पळायला निघाला होता, त्याने पाणी पडताना बघितलं आणि बटण बंद केलं. चालू कोणी केली होती ते विचारतो.

लोहाडे बी-३०४ (६:२२)
टँकरचे १४०० रुपये कोणत्या खात्यातून जाणार?

देशमुख काका ए-१०१ (६:३१)
प्रश्न पैशाचा नाही, वळणाचा आहे. माझं मत स्पष्ट आहे. अठरा पूर्ण झाली की दोन वर्षं मिलिटरी, सक्तीची. इस्रायलमध्ये आहे, कोरियात आहे, सिंगापुरात १९६७ पासून आहे. पहाटे शिट्टी वाजली, पाठीवर पिट्टू आला की पाण्याची किंमत आपोआप कळते.

लोहाडे बी-३०४ (६:३२)
प्रश्न पैशाचाच आहे.

आदित्य बी-२०१ (९:१४)
गुड मॉर्निंग. काका, गच्चीवर आम्ही होतो. मित्राचा वाढदिवस होता. पण मोटरचं बटण जिन्याखाली आहे. आमचा काय संबंध?

देशमुख काका ए-१०१ (९:१५)
सव्वानऊला गुड मॉर्निंग. इथूनच सुरुवात आहे.

देशमुख काका ए-१०१ (९:१६)
टाकीपासून पाच फुटांवर बसला होतात. पाणी पडल्याचा आवाज आला नाही?

आदित्य बी-२०१ (९:१८)
स्पीकर चालू होता.

पूजा बी-२०१ (९:१८)
आदी, तू गप्प बस.

सानिका ए-३०३ (९:२५)
काका, कोरियात आर्मीला १८ महिने असतात, दोन वर्षं नाही. बीटीएसचे सातही जण जाऊन आले. २०२२ च्या डिसेंबरात पहिला गेला, २०२५ च्या जूनपर्यंत सगळे परत.

जाधव भाऊ बी-१०२ (९:२७)
बीटीएस म्हंजे कोणती बटालियन?

सानिका ए-३०३ (९:२७)
😭 गाणी म्हणतात ते

जाधव भाऊ बी-१०२ (९:२८)
मग बँडपथक म्हण की.

कुलकर्णी काकू ए-२०२ (९:४०)
देशमुख भाऊजींच्या बोलण्यात तथ्य आहे. आमचे हे अंबाजोगाईहून इथं शिकायला आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. एका खोलीत चौघं. गावाकडून एसटीनं डबा यायचा. बस वाटेत बंद पडली की डबा संध्याकाळी, भाजीला वास. तरी खायचे. कपडे स्वतः धुवायचे, स्टोव्हला पिन मारायची, महिन्याचा हिशोब वहीत लिहून वडिलांना दाखवायचा. आता लेकरू लातूरला नीटच्या क्लासला जातं आणि माय त्याच्यामागं खोली करून राहते. दोन वर्षं जेवलेलं ताटसुद्धा उचलू देत नाही. मग जबाबदारी येणार कुठून?

स्नेहल कुलकर्णी ए-२०२ (९:४३)
आई, हे आपण घरी बोलू.

कुलकर्णी काकू ए-२०२ (९:४४)
मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

स्नेहल कुलकर्णी ए-२०२ (९:४५)
आपल्या सोसायटीतून लातूरला दोन वर्षं कोण राहून आलं हे सगळ्यांना माहीत आहे आई. आणि "त्याला काम सांगू नकोस, त्याला फक्त अभ्यास करू दे" असं फोनवर रोज कोण सांगायचं, तेही मला माहीत आहे. 🙏

जाधव भाऊ बी-१०२ (९:४६)
ए-२०२ मधी कुणीतरी चहा ठेवा.

राठी ए-३०१ (९:५०)
(फॉरवर्ड) *मोठी बातमी!!* पुढच्या महिन्यापासून प्रत्येक घरातील एका मुलाला तीन वर्षं सैन्यात जाणे बंधनकारक!! सच्चे भारतीय असाल तर दहा ग्रुपवर पाठवा

लोहाडे बी-३०४ (९:५१)
कोणत्या खात्यातून?

अ‍ॅड. सोनवणे बी-४०२ (९:५८)
राठी शेठ, असा कुठलाही कायदा नाही. भारतात सक्तीची लष्करसेवा नाही. घटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं. त्याच्याच पोटकलम २ मध्ये शासनाला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, मात्र धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेद करता येत नाही. देशसेवेसाठी हाक आली तर जाणे हे ५१अ मधलं मूलभूत कर्तव्य आहे, १९७६ च्या घटनादुरुस्तीत आलं. म्हणजे दार बंद नाही, पण आजवर कोणी उघडलेलंही नाही.

राठी ए-३०१ (१०:०१)
आला तसा पाठवला. राग नसावा.

जोशी आजोबा ए-१०३ (१०:१५)
मी बोलून टाइप करतोय चुका सांभाळून घ्या. सक्ती आम्ही बघितली आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती. खाकी कपड्याला खळ घालायची, बक्कल पितळी पॉलिशने घासायचं. पहिले काही महिने छाती पुढे काढून चाललो. मग निम्मा वर्ग पोटदुखीची चिठ्ठी आणायला लागला. मी स्वतः चार चिठ्ठ्या दिल्या आहेत. परेडनंतर नाश्ता असायचा त्या दिवशी मात्र कोणाचंही पोट दुखत नसे. १९६८ ला ती ऐच्छिक झाली. त्यानंतर जी पोरं राहिली ती खरी. मी राहिलो नाही.

देशमुख काका ए-१०१ (१०:१७)
आजोबा, आपण मोठे आहात, पण याने पोरांना चुकीचा संदेश जातो.

आदित्य बी-२०१ (१०:१८)
आजोबा 🫡

पूजा बी-२०१ (१०:२४)
काका, या सक्तीत मुली आहेत का? इस्रायलमध्ये आहेत. नॉर्वेत २०१५ पासून आहेत.

देशमुख काका ए-१०१ (१०:२६)
मुलींचं वेगळं असतं बेटा. घर त्यांनाच बघायचं असतं.

पूजा बी-२०१ (१०:२७)
म्हणजे जबाबदारी आम्हाला आपोआप येते, मुलांना आणायला फौज लागते. बरं.

पूजा बी-२०१ (१०:२९)
आणि आता सगळे बोलतायत म्हणून सांगते. आदी एकोणीसचा आहे. त्याला बँकेत एकट्याला पाठवत नाहीत, गॅसचा नंबर लावायला सांगत नाहीत, बसने जायचं म्हटलं की बाबा स्टँडवर सोडायला जातात. अठरा वर्षं हातात काही द्यायचं नाही आणि एकोणिसाव्या वर्षी एकदम बंदूक?

बी-२०१ बाबा (१०:३१)
पूजा, खाली ये.

लोहाडे बी-३०४ (१०:३३)
१४०० रुपये. कोणत्या खात्यातून? तिसऱ्यांदा विचारतोय.

जाधव भाऊ बी-१०२ (१०:३४)
लोहाडे शेठ, चौथ्यांदा.

सुभेदार साहेब बी-१०४ (११:०५)
जय हिंद. सकाळपासून वाचतोय. मी २८ वर्षं वर्दीत काढली. फौजेत पोरगं वळणावर येतं, खोटं नाही. पण देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त पोरं-पोरी अठराची होतात. सगळ्या फौजा मिळून आपण १४ लाखांच्या आसपास. दोन कोटी जोड बूट कोण देणार, शिकवणार कोण, आणि शिकवणाऱ्यांनी सरहद्द कधी सांभाळायची? इस्रायल, सिंगापूर एवढुशे देश आहेत, त्यांना माणूस कमी पडतो म्हणून सक्ती आहे. पोरांना शिस्त लागावी म्हणून नाही. आणि बांधून आणलेल्या गड्याच्या भरवशावर खंदकात रात्री मी तर डोळा मिटणार नाही.

देशमुख काका ए-१०१ (११:०९)
साहेब, आपला आदर आहे. सगळ्यांना नका घेऊ. चिठ्ठ्या टाका.

अ‍ॅड. सोनवणे बी-४०२ (११:१०)
थायलंडमध्ये असंच आहे. एप्रिलमध्ये चिठ्ठ्या काढतात. लाल निघाली की भरती, काळी निघाली की घरी.

जाधव भाऊ बी-१०२ (११:११)
आपल्या पार्किंगच्या चिठ्ठ्या आठवतात का. दोन वर्षं झाली, ए विंग आन् बी विंग अजून बोलंनात.

राठी ए-३०१ (११:१२)
तो विषय नको.

शिंदे सेक्रेटरी (११:१२)
तो विषय नको, कृपया.

सुभेदार साहेब बी-१०४ (११:२०)
चिठ्ठ्या जिथं जायला कुणी तयार नाही तिथं टाकतात. इथं उलटं आहे. पहाटे साडेचारला गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर जाऊन बघा, बीड-जालन्याची पोरं पळायलेत. आधी लेखी, मग सोळाशे मीटर, पुलअप्स, मग मेडिकल. अग्निवीरला वयाची अटबी आहे. घेतलं तर चार वर्षं, शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन परत. तरीबी रांग आहे.
आपल्या वॉचमन मामांच्या थोरल्याची दोन वर्षं कोविडात गेली, भरतीच नव्हती. २०२२ ला वयाची सूट देऊन तेवीसपर्यंत घेतलं, त्यात पळाला, मेडिकलला गुडघे जुळतात म्हणून बाहेर. आज वाळूजला कंपनीत कंत्राटावर आहे. आता धाकटा पळतोय. त्याच्यासाठी चिठ्ठी टाकता येत असंल तर सांगा, मी स्वतः टाकतो.

जाधव भाऊ बी-१०२ (११:२४)
हा तोच धाकटा ना, रात्री ज्यानं मोटर बंद केली?

जाधव वहिनी बी-१०२ (११:२५)
आणि ज्याला पळून आल्यावर खालच्या नळावर हातपाय धुतले म्हणून उन्हाळ्यात बोलणं बसलं होतं.

जाधव भाऊ बी-१०२ (११:२८)
काका कवाचे टायपिंग दिसायलेत.

देशमुख काका ए-१०१ (११:३१)
तो नळ बागेसाठी आहे. कमिटीचा ठराव होता.

कुलकर्णी काकू ए-२०२ (११:३५)
जाऊ द्या आता. माझे सासरे सतराव्या वर्षी रझाकारांच्या विरोधात सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले होते, घरी न सांगता. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. आणि आपल्याकडे १७ सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला अकरा माणसं होती. मी मोजली.

स्नेहल कुलकर्णी ए-२०२ (११:३६)
त्यातले चौघं आपल्याच घरातले होते, आई.

कुलकर्णी काकू ए-२०२ (११:३६)
हो गं. तेच सांगतेय.

शिंदे सेक्रेटरी (१२:१०)
सीसीटीव्ही बघितला. रात्री १०:५२ ला एक जण जिन्याखाली जातो आणि लगेच परत येतो. पाठमोरा आहे, चेहरा दिसत नाही. पांढरा पायजमा, बनियन.

आदित्य बी-२०१ (१२:११)
आमच्यात पायजमा कोणी घालत नाही.

जोशी आजोबा ए-१०३ (१२:१४)
मी साडेनऊला झोपतो.

देशमुख काका ए-१०१ (१२:२०)
त्या कॅमेऱ्याचा अँगल बरोबर नाही. हे मी मागच्या मीटिंगलाच सांगितलं होतं.

लोहाडे बी-३०४ (१२:२१)
मग आता तरी ठरलं का कोणत्या खात्यातून?

शिंदे सेक्रेटरी (१७:४०)
नवीन टँकर आला आहे. मोटर चालू करतोय, साधारण पाऊण तासात टाकी भरेल. मला बाहेर जायचं आहे. बंद करायला कोण थांबतंय?

राठी ए-३०१ (१७:४४)
👍

शिंदे सेक्रेटरी (१७:४५)
शेठ, म्हणजे तुम्ही थांबताय का?

शिंदे सेक्रेटरी (१८:०५)
शेठ?