उशी धुता, उन्हात टाकता की पिंजून घेता?

दुपारचं ऊन:
सकाळी गल्लीत पिंजाऱ्याची तात वाजली. टुंइंऽ टुंइंऽ. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मे महिन्यातलं अंगण आठवलं. उसवलेल्या खोळी, चटईवर पसरलेला कापूस, आणि हवेत उडणारी तुसं. आता पिंजारी कमी झाले आणि उशांचे प्रकार मात्र वाढले. घरात कोणती उशी कशी सांभाळता ते सगळ्यांनी लिहा, म्हणून हा धागा. सविस्तर लिहिलंत तर फार बरं.

सुरुवात कापसाच्या उशीपासून करते. ती अख्खी कधीच धुवू नये. कापूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो. वरून कोरडी लागली तरी गाभा ओलाच राहतो, आत गोळे होतात आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. एका आखूड बाजूची शिवण ८-१० इंच उसवा, कापूस काढून जुन्या सुती साडीवर पसरा, वरून दुसरी पातळ साडी टाकून कडेला दगड ठेवा. कडक उन्हात दोन दिवस, दर दोन तासांनी उलथायचा. पिवळट, चिकट झालेले गोळे निवडून टाकून द्यायचे. गाठी हाताने सुटत नसतील तरच पिंजायला द्या, कारण दर पिंजणीत आखूड तंतू तुटून उडून जातात आणि कापूस घटतो. भरताना पावकिलो नवा मिसळला की फुगीरपणा परत येतो. खोळ गादीपाटाच्या कापडाची असते, ती रिकामी असतानाच गरम पाण्यात भिजवून धुवायची. शिवण घालताना दुहेरी टीप घाला, एकेरी टीप कोपऱ्यातून सुटते.

कढीपत्ता:
खूप छान धागा!! फायबरच्या उशीचं कोणीतरी लिहा ना, आमच्याकडे सगळ्या त्याच आहेत. मशीनमध्ये चालतात का

नळाची धार:
@कढीपत्ता, चालतात. भाजी फोडणीला टाकून लिहितेय, त्यामुळे तुकड्यातुकड्यात.

फ्रंट लोड असेल तर दोन उशा एकदम घाला. एकटी उशी पिळताना एका बाजूला जाते आणि ड्रम धडधडतो. ४० अंश, नाजूक कपड्यांचं चक्र, लिक्विड डिटर्जंट दोन उशांना मिळून ३० मिली, त्याहून जास्त नको. पावडर आत अडकते आणि खळबळून निघत नाही. खळबळणं एकदा जास्तीचं लावा. पिळणी ८०० फेऱ्यांच्या वर नको. कंफर्टसारखं काही घालू नका, तंतूवर थर बसतो.

वाळवताना कोपऱ्याला चिमटा लावून टांगली की सगळं फायबर खालच्या टोकाला उतरतं. आडवीच ठेवायची, खाली हवा लागेल अशी, म्हणजे बाज किंवा जाळीचा स्टँड. तीन-चार तासांनी उलटायची आणि दोन्ही तळव्यांत धरून थोपटायची.

नळाची धार:
राहिलंच. धुण्याआधी शिवण बघा. अर्धा इंच उसवलेली असली तरी मशीनमध्ये हातभर उसवते आणि मग फायबर पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

एक तीळ:
आणि सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी काय करायचं

नळाची धार:
धुवायच्या टबात उशी तरंगते, खालची चक्री तिला नुसती घासते आणि खोळ फाटते. म्हणून चक्री लावूच नका. मोठ्या टबात कोमट पाणी आणि २ चमचे लिक्विड घ्या, उशी पाण्याखाली दाबून आधी आतली हवा काढा. बुडबुडे थांबले की १५ मिनिटं भिजवा. मग कणीक मळतो तशी दोन्ही हातांनी दाबायची, २०-२५ वेळा, आणि पालटून परत तेवढंच. फेस जाईपर्यंत तीन-चार पाणी लागतात. पिळायची नाही! पीळ दिला की फायबरच्या दोऱ्या होतात आणि त्या परत सुटत नाहीत. नुसती दाबून पाणी काढा. ड्रायरच्या टबात एकच उशी, उभी, भिंतीला गोल लपेटून. एक मिनिट फिरवा, थांबवा, पालटा, परत एक मिनिट. हादरे बसले तर लगेच बंद करा.

तराजू:
उशी आतून वाळली की नाही हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि खोळीच्या कोपऱ्यात पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवा. वाळल्यावर परत तेवढंच भरलं की झालं. २०-३० ग्रॅम जास्त असेल तर गाभ्यात पाणी आहे, अजून एक दिवस ऊन द्या. फायबरच्या उशीतलं पॉलिएस्टर हवेतला ओलावा जवळजवळ घेतच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे चोख चालते. कापूस मात्र हवेतूनच ७-८ टक्के ओल धरतो आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे दीड किलोची उशी न भिजवताही शंभरेक ग्रॅमने जड भरते. उन्हाळ्यातलं वजन आणि पावसाळ्यातलं वजन यांची तुलना करू नका.

कढीपत्ता:
@तराजू हे भारी आहे!! आजच लिहिते

रानजाई:
सावरीच्या उशा कुणाकडे आहेत? त्यांचं सगळं वेगळं. सावरीचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. कपोक म्हणतात ती सावरीच्याच कुळातली. तिचा भरावा पूर्वी बुडू नये म्हणून घालायच्या जॅकेटात असायचा. पण पाणी शिरत नाही म्हणजे धुता येते असं नाही. तंतू ठिसूळ आहे. चोळला की मोडतो, त्याचा भुगा होतो आणि उशी बसते. म्हणून पिंजायलाही देऊ नये. फक्त ऊन. तासाभरात फुगते ती, तेवढं पुरे.

बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटायला लागतात. फुटायच्या बेतात असताना काढून, फडक्याखाली झाकून वाळवायची. सरकी काढायला मच्छरदाणीत बसून काठीने घुसळतात. बी खाली पडतं, सावर वर राहते. भरायला घट्ट विणीचं कापड घ्या, साध्या मांजरपाटातून तंतू बाहेर येतो. आणि एक महत्त्वाचं: सावर भयंकर पेट घेते. उदबत्ती, डासांची कॉइल, देवघरातला दिवा यांच्याजवळ तिची उसवलेली उशी नको.

दुपारचं ऊन:
@रानजाई, मच्छरदाणीचं मनापासून धन्यवाद. घरभर होणारी तुसं त्याने थांबतील.

चाफेकळी:
काटेसावर फुललेली बघणं हेच एक सुख आहे. फेब्रुवारीत एक पान नसतं झाडावर आणि सगळं लाल. मैना, बुलबुल, खारी नुसत्या तुटून पडतात. विषयाला सोडून झालं, पण राहवलं नाही.

रानजाई:
@चाफेकळी अगदी अगदी. म्हणून सगळी बोंडं काढू नयेत, वरची झाडावरच राहू द्यावीत.

शनिवारचं न्हाणं:
तेलाच्या डागांवर लिहिते, कारण आपल्याकडे अभ्रा पिवळा होतो तो बहुतेक खोबरेल तेलाने. हे तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. थंड पाण्यात अभ्रा बुडवला की ते धाग्यातच घट्ट बसतं, मग कितीही घासा. कोरड्या डागावर आधी भांड्यांचं लिक्विड थेट लावायचं, मऊ ब्रशने पसरवायचं, २० मिनिटं ठेवायचं आणि मग ४५-५० अंश गरम पाण्यात धुवायचं. पाणी आधी लावलं तर लिक्विड तेलापर्यंत पोचत नाही. जुनाट चिकट डाग सुती कापडावर असेल तर धुण्याचा सोडा, लिटरला एक चमचा, गरम पाण्यात तासभर. रेशमी अभ्र्याला सोडा लावू नका.

घामाने पिवळं झालेल्या पांढऱ्या उशीला क्लोरीनचं ब्लीच लावू नका, पिवळेपणा आणखी चढतो. सोडियम परकार्बोनेट मिळतं, ऑक्सिजन ब्लीच म्हणून. ते गरम पाण्यातच काम करतं. गार पाण्यात टाकलंत तर पैसे वाया. रक्त किंवा लाळ असेल तर मात्र उलटं, आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने प्रथिनं शिजून कापडाला धरतात.

एक तीळ:
सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालतात ना व्हिडिओत? फसफस होते ती

शनिवारचं न्हाणं:
फसफसून दोघंही संपतात आणि खाली मिठासारखं पाणी राहतं. वेगवेगळे वापरा. धुताना सोडा, शेवटच्या खळबळण्याला अर्धी वाटी व्हिनेगर. बोअरचं जड पाणी असेल तर व्हिनेगरचा खरंच उपयोग होतो, कापड कडक होत नाही.

मुंबईची दमट हवा:
मेमरी फोम धुवू नका धुवू नका धुवू नका. तो पॉलियुरेथेनचा स्पंज आहे. पाण्याने इतका जड होतो की उचलतानाच स्वतःच्या वजनाने फाटतो, आणि आत गेलेलं पाणी दिवसेंदिवस निघत नाही. ऊनही नको, त्याने फोम पिवळा पडून चुरा व्हायला लागतो. लॅटेक्सलाही ऊन चालत नाही. वरचा अभ्रा काढून धुवा. फोमवर ३-४ चमचे खाण्याचा सोडा चाळणीने भुरभुरवून दोन तास ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. डागाला एक वाटी पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, फडकं पिळून नुसतं टिपायचं. मग पंख्याखाली उभी करून एक दिवस. थंडीत ती लाकडासारखी लागते म्हणून लोक फेकतात. ती बिघडलेली नसते, गार हवेत हा फोम कडकच होतो. डोकं टेकल्यावर थोड्या वेळात मऊ होते.

लोडतक्क्या:
खोळ आणि अभ्रा यात गोंधळ दिसतोय वर. खोळ म्हणजे आतलं, ज्यात कापूस भरून शिवतात ते. अभ्रा म्हणजे वरून चढवायचा, रोज बदलता येणारा. लोड, तक्के, गिरद्या यांनाही अभ्रे असतात. लोड मात्र कापूस काढून उन्हात घालणं अवघड, कारण भरावा ठासून असतो. त्याला वर्षातून दोनदा अख्खाच उभा ऊन दाखवा आणि काठीने झोडा.

दुपारचं ऊन:
@लोडतक्क्या गिरदी हा शब्द किती दिवसांनी वाचला!

बर्फाळ खिडकी:
कॅनडातून. इकडे पिसांच्या उशा घरोघरी. त्या मशीनमध्ये धुता येतात, पण एन्झाइमवालं डिटर्जंट नको, कारण पीस हे प्रथिन आहे आणि एन्झाइम प्रथिनच खातं. लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड चालतं. खरं काम वाळवण्याचं. ड्रायर कमी तापमानावर, सोबत स्वच्छ मोज्यांत घातलेले दोन टेनिस बॉल, दर अर्ध्या तासाने थांबवून गोळे हाताने फोडायचे. तीन तास सहज जातात. ओल्या पिसांना जनावरासारखा वास येतो, त्याने घाबरू नका. पूर्ण वाळल्यावरही तो राहिला तर आत ओल आहे असं समजा.

पाळणा:
बाळाच्या राईच्या उशीचं विचारणार होते. धुवायची का?

आजीबाईचा बटवा:
@पाळणा, राई भिजवू नका. ओली झाली की बुळबुळीत होते आणि दोन-तीन दिवसांत मोड येतात. खोळ रिकामी करून धुवा. राई परातीत उन्हात घाला, चाळा, किडकी वाटली तर बदला. पण बाळ वर्षाच्या आतलं असेल तर झोपेत डोक्याखाली कुठलीच उशी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिवण सुटून दाणा नाकातोंडात गेला तर फार वाईट. ऐकून रागावू नका, काळजीपोटी लिहिलंय.

आणि बाळाच्या अंथरुणात डांबरगोळ्या अजिबात नकोत. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) याची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्या वासाने तांबड्या पेशी फुटून जोरदार कावीळ होते. कमतरता आहे हे आधी माहीतही नसतं. तान्ह्याच्या घरात गोळ्यांत ठेवलेले कपडे, उशा नुसत्या झटकून वापरू नका.

पाळणा:
हे माहीतच नव्हतं. गोळ्या काढते लगेच. मनापासून आभार.

पागोळ्या:
रत्नागिरीकडचं लिहिते. जून ते सप्टेंबर उशी धुवायचीच नाही, हा नियम. मेच्या अखेरीस सगळ्या धुऊन, ऊन देऊन, पाहुण्यांच्या जादा उशा ट्रंकेत. पण उन्हातून आणलेली गरम उशी तशीच बंद करू नका. आधी सावलीत गार होऊ द्या, नाहीतर ट्रंकेच्या पत्र्यावर आतून दव धरतं. वापरातल्या उशा सकाळी गादीवर न ठेवता खुर्चीवर उभ्या, पंखा अर्धा तास. ओल्या केसांनी झोपायचं नाही. अभ्र्याच्या आत एक चेनवाला सुती अभ्रा घाला, तोच आठवड्याला धुवा. काळे ठिपके खोळीवर असले तर खोळ वाचते. फायबरच्या आत बुरशी गेली असेल तर ती उशी टाकून द्या, ऊन दाखवून वास जातो पण बुरशी जात नाही.

सर्दीशिंका:
धुळीतल्या माइट्सचं (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) कुणी लिहिलं नाही. ते हवेतली ओल शोषून जगतात, म्हणून किनाऱ्याला जास्त. ४० अंशांच्या धुण्यात बरेचसे जिवंत राहतात, ६० अंशांत मरतात. म्हणून अभ्रे ६० वर धुवा. उशीला ६० चालत नसेल तर कोरडी उशी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा. तेवढ्याने ते मरतात, पण दमा उठवते ती त्यांची विष्ठा, ती आतच राहते. म्हणून फ्रीजरनंतर धुवायचीच.

एक तीळ:
दोन दिवस उशी फ्रीजरमध्ये म्हणजे मटार कुठे ठेवायचे

सर्दीशिंका:
मटार संपल्यावर, मार्चमध्ये करा :)

तराजू:
फायबरची उशी धुण्यालायक आहे का ते आधी बघा. मधोमध दुमडा, हवा दाबून काढा, सोडा. आपणहून उघडली तर धुवा. तशीच पडून राहिली तर धुऊन उपयोग नाही. फायबर काढून धुऊन आसनपट्ट्यांत भरा.

कढीपत्ता:
केलं. चारपैकी दोन उघडल्या. उरलेल्या दोनांची आसनं किती होतील?

नळाची धार:
दोन उशांच्या फायबरात १६ इंची तीन. पातळ हवी असतील तर चार. फायबर भरण्याआधी बोटांनी विंचरून घ्या, नाहीतर बसताना गाठी टोचतात.