मदत हवी आहे : आईच्या लहान आतड्यातली 'जिस्ट' गाठ (पचनमार्गाच्या भिंतीत होणारा एक कॅन्सर), गोळ्या सुरू कराव्यात का?

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, आम्ही भांडुपला राहतो. दीड वर्ष तिचं हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं. ७ वर आलं की लोहाच्या गोळ्या, एकदा तर रक्त चढवलं. मग ९-१० पर्यंत जायचं आणि दोन महिन्यांत पुन्हा खाली. कुकर लावायला तांदूळ काढले की ओट्याशी उभ्या उभ्या मूठभर कच्चेच चघळायची. मी रागवायचे. अंगात लोह कमी असलं की अशी वासना होते, हे मला फार उशिरा कळलं.

शौचाला काळं व्हायचं. पण लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच, असं एका दवाखान्यात सांगितलं आणि आम्ही तेच धरून बसलो. दुसरीकडे मूळव्याध म्हणून मलम झालं. एंडोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल. या दोन्ही दुर्बिणी जिथे पोचत नाहीत तो मधला भाग कुणी पाहिलाच नाही. शेवटी "अगं, गोळ्या महिनाभर बंद आहेत, तरी काळंच होतंय" असं आईच म्हणाली. तेव्हा नव्या डॉक्टरांनी सीटी एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन) करायला लावली आणि जेजुनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात, गाठ दिसली.

गणपतीनंतर ऑपरेशन झालं. बायोप्सी रिपोर्ट असा : जिस्ट, ६.५ सेमी, मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) ५ चौ. मिमीमध्ये ४, सीडी ११७ आणि डॉग-१ (जिस्ट ओळखायच्या खुणा) पॉझिटिव्ह, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेला गाठ उरलेली नाही), गाठ परत येण्याचा धोका मध्यम.

आता सर्जन म्हणतात, सगळं निघालंय, नुसतं सीटी करत राहू. ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) म्हणतात, इमॅटिनिब ही कॅन्सरवरची गोळी ४०० मिग्रॅ रोज, ३ वर्षं. दोघंही आपापल्या जागी ठाम. मध्यम धोका म्हणजे नेमकं काय धरायचं? ३ वर्षांचा खर्च झेपेल का? आणि आईला अजून फक्त 'गाठ होती, काढली' एवढंच माहीत आहे. तिला कसं सांगू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

शिवडीकर :
ताई, माझ्या वडिलांना जठरात हीच गाठ होती. गोळीचं ठरवण्याआधी लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर बसवलेली मेणाची वडी, गाठीचा तुकडा त्यात असतो. उन्हात ठेवू नका, मेण आहे. परळला टाटाची फाइल काढाल तेव्हा तो मागतील. त्याच ब्लॉकवर म्युटेशनची, म्हणजे गाठीच्या जनुकांतल्या बदलाची, तपासणी होते आणि माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. किट नावाच्या जनुकात एक्झॉन ११ (जनुकाचा एक भाग) चा बदल असेल तर गोळी छान लागू पडते. एक्झॉन ९ चा बदल लहान आतड्याच्या गाठींत जास्त सापडतो, त्यात ४०० चा डोस कमी पडू शकतो. काही म्युटेशन्सना तर ही गोळी लागूच पडत नाही. मग ३ वर्षं पोटात कशाला घालायची?

खर्चाची फार धास्ती घेऊ नका. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने या गोळीवरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे आपल्याकडे जेनेरिक मिळते. बाबा जेवणानंतर मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचे. सकाळी डोळे सुजायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, तरी नेटाने घेतली.

निशिगंध :
मी पॅथॉलॉजीत काम करते. दोन गोष्टी नक्की बघा. ऑपरेशन नोटमध्ये गाठ काढताना फुटली होती का हे शोधा. फुटली असेल तर आकार आणि मायटोसिस काहीही असो, धोका जास्तच धरतात. डिस्चार्ज कार्डावर हे बऱ्याचदा नसतं, पूर्ण नोट मागा. दुसरं, आईंच्या अंगावर लहानपणापासून दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग किंवा मऊ गाठी आहेत का? न्यूरोफायब्रोमॅटोसिस (असे डाग-गाठी येणारा जनुकीय आजार) असलेल्यांना जिस्ट झाली तर ती बहुतेक लहान आतड्यात होते, बहुधा एकाहून जास्त गाठी, आणि त्यांना इमॅटिनिबचा फारसा उपयोग होत नाही.

मध्यम धोक्याच्या बाबतीत डॉक्टरांमध्ये खरोखरच दोन मतं आहेत. ३ वर्षांच्या गोळीचा भक्कम पुरावा आहे तो जास्त धोक्याच्या रुग्णांचा. त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर चुकीचं सांगत नाहीयेत.

आणि आईंना सांगा. काळं होतंय हे सगळ्यांच्या आधी त्यांनीच ओळखलं ना?

धागाकर्ती (अपडेट) :
शिवडीकर, निशिगंध, खूप खूप आभार. ऑपरेशन नोट मिळाली, गाठ अखंड निघाली असं स्पष्ट लिहिलंय. डाग नाहीत, नीट पाहिलं. परळला फाइल झाली, ब्लॉक जमा केला. म्युटेशनचा रिपोर्ट आला की गोळीचं ठरवू म्हणाले.

आईला परवा रात्री सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "कॅन्सरच ना? मला वाटलंच होतं. पुढची तारीख कधीची आहे?"

तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. इमॅटिनिबबरोबर थायरॉइडचा डोस बदलावा लागतो असं कुठेतरी वाचलं. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणाच्या घरी दोन्ही चालू असतील तर अनुभव सांगाल का?