मदत हवी आहे: एआय एजंटचा टॅप भलत्याच बटणावर पडतोय

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोपरीला आईचा डब्यांचा व्यवसाय आहे. रोज संध्याकाळी ऑर्डरींच्या अ‍ॅपमध्ये ४०-४५ ऑर्डरींवर एकेक करून ‘तयार’ दाबताना तिची संधिवाताची बोटं आखडतात, बघवत नाही. म्हणून फोन एडीबीने (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन) लॅपटॉपला जोडून एआय एजंट, म्हणजे आपल्यासाठी फोन चालवणारा एआय, लावला. तो स्क्रीनशॉट बघून जागा सांगतो, मग त्या जागी दाबण्याची आज्ञा, ‘इनपुट टॅप’, फोनला जाते. पण दाबलं जातं वरचं ‘रद्द’! काल दोन डब्यांच्या ऑर्डरी अशाच रद्द झाल्या.

स्क्रीन १०८० बाय २४००, मॉडेलकडे चित्र लहान होऊन जातं. त्याने सांगितलेल्या जागेचे आकडे त्या प्रमाणात वाढवूनही फरक उरतोच. यूआय-ऑटोमेटरच्या डंपमध्ये (स्क्रीनवरच्या घटकांची यादी) बटणं नाहीतच, अख्खा स्क्रीन एकच चौकोन. अ‍ॅप फ्लटरमधलं (अ‍ॅप बनवण्याचं एक साधन, ते बटणं स्वतःच रंगवतं) असेल का? टॉकबॅक (अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) चालू ठेवलं तर डंपमध्ये बटणं दिसतील? कुणी करून पाहिलंय का? जवळपास असाल तर फोन घेऊन येते.