बाबांसाठी कुठलं साप्ताहिक लावू?

बाबा साताऱ्याला असतात, वय ७८. मोबाइलवर वाचवत नाही. आधीचं साप्ताहिक दोन-दोन अंक एकदम यायचं, गुंडाळी दमट. बाबा ते उशीखाली ठेवून सपाट करायचे! आता कुठलं लावू?

— ‘साधना’ बघा. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ला काढलेलं, पुण्याहून निघतं. ताज्या बातम्यांपेक्षा वैचारिक लेख जास्त, त्यामुळे अंक उशिरा आला तरी शिळा होत नाही.

— इंग्रजी चालत असेल तर ‘द वीक’. आधी स्टॉलवरून एक अंक आणा, अक्षर झेपतंय का बघा.

— इंग्रजी नको म्हणाले. साधनाचं नाव काढताच, “गुरुजींचं? लाव.” वर्षाची वर्गणी भरतेय. पत्ता मात्र शेजारच्या किराणा दुकानाचा; आमच्या पेटीत पाणी शिरतं.