मदत हवी आहे : अकरावीला बायो ठेवायचं की इलेक्ट्रॉनिक्स? शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे

चिंचवडचा_मामा
नमस्कार मंडळी, कंपनीतून घाईत लिहितोय. भाचीला दहावीला ९१.४० टक्के पडलेत. सायन्सलाच जायचं म्हणते, पण डॉक्टर नको आणि इंजिनियरही नको. 'शास्त्रज्ञ' व्हायचंय. तिचे सर सांगतात, बायो सोडा आणि इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल (व्यावसायिक विषय) घ्या, मार्क बरे पडतात. शेजारचे म्हणतात इंटिग्रेटेडला टाका, म्हणजे कॉलेज आणि प्रवेशपरीक्षेचा क्लास एकत्र. तिथे दोन वर्षांचे एक लाख चाळीस हजार सांगितलेत. फॉर्मचा दुसरा भाग शनिवारी बंद होतोय. काय करू? कृपा करून 'तिला आवडेल ते करू द्या' असं कोणी लिहू नका, तेवढं आम्हालाही कळतं.

खडूफळा
मामा, बोर्ड कोणतं? माध्यम कोणतं? मुलगी तुमच्याकडे राहणार की तिच्या घरी? घर कुठे? आणि शास्त्रज्ञ म्हणजे कशातली? ताप आलाय एवढंच सांगून गोळी मागितल्यासारखं झालंय हे.

रँचो_नाही
शास्त्रज्ञ व्हायचं दहावीत सगळ्यांनाच असतं हो. मलाही इस्रोत जायचं होतं, आज बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतोय आणि मजेत आहे. सरळ जेईईची तयारी करून घ्या. नंतर सायन्स करायचंच असेल तर बंगळुरूच्या आयआयएससीचं (भारतीय विज्ञान संस्था) बी.एस.सुद्धा जेईई अॅडव्हान्स्डच्या मार्कांवर मिळतं. एकाच दगडात दोन पक्षी. इंटिग्रेटेड घ्या, पैशाकडे बघू नका.

प्रयोगवही
पैशाकडे बघू नका म्हणे. पैसे मामांचे आहेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते. इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये अंग. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, प्रत्येकाला प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात, आणि या पोरांचे ते ३० कसे पडतात हे मी इथे लिहीत नाही. जर्नल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्याचं बघून उतरवून काढतात. बारावीची मुलगी ब्युरेटसमोर (द्रव मोजायची काचेची नळी) उभी राहते आणि विचारते, मॅडम, वरून वाचायचं की खालून? डोळा पातळीला आणून बघ म्हटलं तर टेबलावर चढायला निघते. डॉक्टर-इंजिनियरला जाणाऱ्यांचं एक वेळ चालून जाईल. शास्त्रज्ञ व्हायचं म्हणणाऱ्या पोरीची दोन वर्षं प्रयोगशाळेचं कुलूप बघण्यात घालवू नका.

रँचो_नाही
सगळे इंटिग्रेटेडवाले तसे नसतात. माझा पुतण्या तिथूनच मुंबईच्या व्हीजेटीआयला इंजिनियरिंगला लागला.

प्रयोगवही
त्याला विचारा, व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे सगळ्यात लहान माप, किती.

नानासाहेब_५८
मूळ मुद्दा माध्यमाचा आहे. मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात देतात आणि हुशार पोरगं पहिल्या चाचणीत नापास होतं. आमच्या वेळी मी स्वतः 'संवेग' आणि 'मोमेंटम' एकच आहे हे कळायला दिवाळी उजाडवली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून ओरडून सांगतेय, ऐकतंय कोण? पदवीपर्यंत विज्ञान मराठीतून हवं.

अर्धवट
नाना, मग 'संवेग' शब्द जर्नलला चालेल का? संशोधन तर इंग्रजीतच छापायचंय.

नानासाहेब_५८
जपानी मुलं जपानीत शिकतात.

अर्धवट
आली जपानची गाडी. या फोरमवर कुठलाही धागा शंभर प्रतिसादांत जपानला पोचतो, हा आठव्यालाच पोचला.

पूर्वा_प्लेझंटन
हाय, इकडे अमेरिकेत आमच्या लेकाने हायस्कूलमध्येच एपी (कॉलेजच्या पातळीचं) फिजिक्स आणि एपी बायो घेतलं, कॉलेजात क्रेडिट मिळतात. शिवाय उन्हाळ्यात एका लॅबमध्ये बिनपगारी काम केलं. तुम्ही भाचीला सॅट (इकडची कॉलेजची प्रवेशपरीक्षा) द्यायला लावा, आतापासून व्होकॅब सुरू करा. निबंधासाठी काही व्हॉलंटियरिंगही लागेल.

चिंचवडचा_मामा
प्लेझंटनताई, आम्हाला शनिवारपर्यंत अकरावीचा फॉर्म भरायचाय.

खडूफळा सर, राहिलंच ते. स्टेट बोर्ड. माध्यम मराठी पण सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतूनच होतं. नानासाहेबांनी एवढा जीव काढला त्याआधी सांगायला हवं होतं, सॉरी. बहीण-मेहुणे पारनेर तालुक्यात असतात, शेती. भाची माझ्याकडे चिंचवडला राहील किंवा तिकडेच नऊ किलोमीटरवरच्या कॉलेजात एसटीने जाईल, तेही ठरलेलं नाही. आता सांगा, बायो की इलेक्ट्रॉनिक्स?

खडूफळा
'कशातली शास्त्रज्ञ' याचं उत्तर अजूनही नाही.

तोवर बायफोकलचं ऐका. ते २०० मार्कांचं असतं. दुसरी भाषा आणि एक विषय, बहुतेक ठिकाणी बायो, यांच्या जागी बसतं. मार्क चांगले पडतात हे खरं, सर खोटं बोलत नाहीत. पण ती सोय टक्केवारीसाठी आहे. इंजिनियरिंगला जाणाऱ्या पोराने खुशाल घ्यावं, हिने कशाला? फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो चारही ठेवा. ओझं होतं, नाही म्हणत नाही. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता आलं तर पेपर तेवढा हलका जातो.

आयसरची_आई
माझी मुलगी पुण्याच्या आयसरला (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून लिहिते. आयसर सात आहेत : पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर. सगळ्यांची मिळून एकच परीक्षा, आयएटी. तीन तास, ६० प्रश्न. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो प्रत्येकी १५. बरोबरला ४, चुकलं की १ वजा. म्हणजे बायो सोडलं तर २४० पैकी ६० मार्कांवर सरळ पाणी. बसायला मिळतं, चारपैकी तीन विषय बारावीला असले तरी चालतं, पण लढाई एक हात बांधून. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईची सीईबीएस या तशाच दोन विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते. तिथे चारपैकी चांगल्या तीन विभागांचे मार्क धरतात, तेवढी सवलत आहे. आयएटीच्या मार्कांवर आयआयएससीचं बी.एस.सुद्धा मिळतं, त्यासाठी जेईईच हवी असं नाही.

आणि खर्चाचं. विज्ञानाची पदवी करणाऱ्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची असते. एक लाख चाळीस हजार आधी क्लासला घालून मग शास्त्रज्ञ करायचं, हे गणित मला कळलं नाही.

रँचो_नाही
१५ प्रश्न बायोचे सोडून बाकीच्या ४५ मध्ये फाडायचं. माझ्या मित्राच्या मुलाने तसंच केलं.

आयसरची_आई
लागला का?

रँचो_नाही
त्याने नंतर कॉम्प्युटर घेतलं.

आयसरची_आई
बरं.

मामा, अजून एक. आयएटीचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांतून. बालभारतीचं पुस्तक बोर्डाला आणि सीईटीला. सीईटीत अकरावीचे २० टक्के प्रश्न, बारावीचे ८० टक्के, निगेटिव्ह नाही. तिथे सगळं ठोकून यायची सवय लागते आणि आयएटीत तीच नडते. आमच्या लेकीने पहिल्या सराव पेपरात २२ प्रश्न चुकवले होते, अंदाजपंचे.

हवाई_सुंदर
मुलगी उंच आहे का? मर्चंट नेव्हीत हल्ली मुलींनाही चांगला वाव आहे. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) लागतं. माझ्या ओळखीचे एक जण आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अर्धवट
पारनेरहून नेव्ही. मांडओहोळ धरणातून जहाज काढणार बहुतेक.

चिंचवडचा_मामा
हसू नका हो, बहिणीला हा धागा वाचून दाखवतोय.

आयसरच्या आई, खूप आभार. चारही विषय ठेवायचं आमचं जवळजवळ नक्की होतंय. खडूफळा सर, 'कशातली' ते तिला फोनवर विचारलं. म्हणाली, असं कसं सांगू? आठवीत इन्स्पायरचे, म्हणजे शाळेतल्या प्रकल्पासाठीच्या पुरस्काराचे, दहा हजार मिळाले होते तेच अजून डोक्यात आहे. काय ते विहिरींची पातळी मोजायची, दोरीला नट बांधून. गावातल्या अकरा विहिरी मोजते. अजून वही चालू आहे. याचा अकरावीशी काय संबंध कळत नाही, पण विचारलंत म्हणून लिहिलं.

मुरूमकर
मी इथे फार लिहीत नाही, पण थांबा. हे पहिल्या प्रतिसादात का नाही सांगितलंत? आठवीपासून दहावीपर्यंत अकरा विहिरींची पातळी सलग, वहीत? हे काम शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात आणि वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, अशी पातळी घेतात.

मामा, याला भूगर्भशास्त्र म्हणतात, त्यातलं भूजलविज्ञान. पुण्यात फर्ग्युसनला जिऑलॉजी आहे, विद्यापीठात पुढे एम.एस्सी. आहे. पुण्याच्या आयसरला पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षेत जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो, त्यावर आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासूनची संस्था, त्यासाठी यूपीएससी वेगळी परीक्षा घेते. नोकरी कुठे हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहिलं.

विषयांचं : गणित आणि फिजिक्स अजिबात सोडू नका. पाणी खडकातून किती वेगाने जातं हे शेवटी समीकरणातच मांडावं लागतं. बायो ठेवलं तर आयएटीसाठी उपयोग, वर बाईंनी सांगितलंच आहे. शाळेतल्या मुलांसाठी पृथ्वीविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडही असतं. २०१३ला ते म्हैसूरला झालं होतं.

नानासाहेब_५८
पारनेर म्हटल्यावर राळेगणचं नाव कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आणि शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजार. पाण्याचा ताळेबंद मांडतात तिथे, पाऊस किती पडला त्यावर पीक कोणतं घ्यायचं ते ठरतं. आणि हो, सगळं मराठीत चालतं.

अर्धवट
नाना, हा एक पॉइंट तुमचा.

प्रयोगवही
मी आता मत बदलते थोडं. चिंचवड की गाव हा प्रश्न कोणी धड घेतला नाही. चिंचवडला आणलीत तर वही बंद पडेल. नऊ किलोमीटरवरच्या कॉलेजात प्रयोगशाळा उघडतात का, ते आधी जाऊन बघा. मास्तरांना विचारू नका, लॅब असिस्टंटला विचारा. अॅसिडची बाटली, गॅस, आरसे, काय असेल ते बाहेर काढून दाखवायला सांगा. धूळ बघा.

आयसरची_आई
मी असहमत. गावात राहून आयएटीची तयारी एकटीने करणं कठीण आहे. सोबत अभ्यास करणारं कोणीतरी लागतं.

मुरूमकर
विहिरी चिंचवडला आणता येत नाहीत.

चिंचवडचा_मामा
भांडू नका. काल मेहुणे जाऊन आले. फिजिक्सची लॅब उघडी होती, केमिस्ट्रीची किल्ली सापडायला अर्धा तास लागला. पण सापडली. गावचंच कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलंय, चारही विषय, बायफोकल नाही. चिंचवडची तीन कॉलेजं खाली टाकलीत. इंटिग्रेटेडवाल्यांचा अजून दिवसातून दोनदा फोन येतो. भाची शेजारी बसलीय, तिला मुरूमकर सरांना काही विचारायचंय. तिच्याच शब्दांत टाइप करतोय :

सर, आमच्या आणि चुलत्यांच्या विहिरीत सत्तर पावलांचं अंतर आहे. दोन्ही बारा परस (पुरुषभर उंची) खोल. मे महिन्यात आमची कोरडी पडते आणि त्यांच्यात दोन हात पाणी असतं. तिन्ही वर्षं तसंच. का?

मुरूमकर
चांगला प्रश्न आहे, पण एवढ्यावर उत्तर देता येणार नाही. खोदताना मुरूम किती हातांपर्यंत लागला आणि खाली काळा पाषाण होता की मांजऱ्या (भोकाभोकांचा दगड), आजोबांना विचार. मध्ये कुठे लाल गेरूचा थर दिसला होता का, तेही. आणि मोजायच्या आधी दोन्हीकडच्या मोटारी किती तास बंद होत्या?