चिखलदऱ्यात वीस माणसांत लग्न करायचं म्हणतोय. गावाचा हक्क डावलतोय का?

खारपाणातली लेक

आमची सोयरीक दोन्ही घरांच्या मर्जीनं जुळली, साक्षगंधही झालं. वाद आहे तो लग्न कुठं आणि किती माणसांत लावायचं याचा. मी दर्यापूर तालुक्यातली, तो अचलपूरकडचा. आम्हाला चिखलदऱ्याला, उघड्यावर, दरी दिसेल अशा जागी सकाळच्या कोवळ्या उन्हात लग्न लावायचं आहे. दोन्हीकडचे आईबाप, भावंडं, मामा, आज्या आणि अगदी जवळचे मित्रमैत्रिणी. वीस माणसं. डीजे नाही, घोडी नाही, लॉन नाही.

बाबांचं वावर कोरडवाहू. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे ओलिताचा प्रश्नच नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला, पण दारात येणारा व्यापारी त्याच्या खालीच मागतो. अशात लॉन, जेवणावळ, कपडे, मानपान म्हटलं की बाबा कुठून तरी पैसे उचलणार आणि मी सासरी गेल्यावर फेडत बसणार. ते मला नको आहे. शिवाय मला माझ्या लग्नाची मंगलाष्टकं ऐकायची आहेत. आमच्याकडे वरात इतकी लांबते की मुहूर्त टळतो, नवरदेव मांडवात येईस्तोवर अर्धे लोक जेवून गावाला निघालेले असतात.

काका म्हणतात, पळून जाऊन केल्यासारखं दिसेल, लोक पोरीत खोट काढतील. बाबा काहीच बोलत नाहीत. माझं मत पक्कं आहे: लग्न दोन घरांचं असतं. गावाचा आशीर्वाद मला हवा आहे, पण त्यासाठी बापानं कर्ज काढू नये. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा.

वऱ्हाडी कास्तकार

पोरी, राग मानू नको, पन मले हे पटलं नाई. तुह्या बापानं आजलोक गावातल्या लग्नायत किती आहेर केला असन, त्याची वही घरात असनच. तो पैसा वाया गेला नाई, लोकायकडं ठेवलेला हाय. ज्याच्या पोरीच्या लगनात त्यानं पाचशे देल्ले तो तुह्या लगनात सातशे घिऊन येनार. तू वीस मानसं घिऊन डोंगरावर गेली तं त्या लोकायनं ते कवा अन् कोठी फेडावं? बँकेत रक्कम ठेवावी अन् आपल्याच हातानं पासबुक फाडावं, असं हाय हे.

अन् खर्चाचं सोड. मांडव पडला का शेजारचे पोट्टे न सांगता येतेत. कोनी पानी आनते, कोनी लाकडं फोडते, बाया पोया लाटाले बसतेत. घरात मयत झाली का हेच लोक पयले धावून येतेत. त्यायले दुःखातच बलावाचं का? सुखातबी बलाव ना. बाप बोलत नाई मन्ते. तो काऊन बोलत नाई, हे एकडाव त्याच्याजवळ बसून इचार.

तिवस्याची मास्तरीण

काका, आहेराची वही मी नाकारत नाही. पण हिशेब पुरता मांडा. खर्च आधी होतो, आहेर नंतर येतो, आणि मधल्या फटीत व्याज बसतं. आहेरात साड्या, टॉवेल-टोप्या, भांडी असतात. त्यातून आचाऱ्याचे पैसे चुकते होत नाहीत.

आपल्या याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना हात जोडून सांगत होते की लग्नासाठी कर्ज काढू नका. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही साध्या, खर्च टाळणाऱ्या लग्नांचा आग्रह धरला. त्याच्याही आधी, १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी सावित्रीबाईंच्या पुढाकारानं हुंडा नाही, भटजी नाही, असं लग्न लागलं. तेव्हाही लोक म्हणाले असतील की हे काय लग्न झालं! कमी माणसांत, कमी खर्चात लग्न लावणं हे या मुलीचं शहरी खूळ नाही. या मातीतलंच आहे.

आणि पळून गेल्यासारखं दिसेल याची भीती कुणाला? पोरीच्या बापाला. खर्चाचा मोठा वाटाही त्याचाच असतो. मुलाकडच्यांना हे दोन्ही प्रश्न पडत नाहीत, यावर विचार व्हायला हवा.

बिछायतवाला

मी मांडव-बिछायतीचं काम करतो, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा. गावात लग्न झालं की बिछायत, आचारी, वाजंत्री, भांडी घासणाऱ्या बाया, पाणी भरणारे, सगळ्यांच्या हाताला काम लागतं. डोंगरावर पैसा एकट्या रिसॉर्टवाल्याकडे जातो. ताई, वीस माणसांचं लग्न स्वस्त पडेल असं धरून चालू नका. खोल्या, वर नेण्या-आणण्याच्या गाड्या, दोन्ही वेळचं जेवण, फोटोवाला, फुलं खालून न्यायची. सीझनमधले भाव विचारून बघा आणि मगच बाबांना सांगा की पैसा वाचतो. गावातच, घरापुढं साधा मांडव टाकला तर कदाचित त्याहून कमी लागेल. कर्ज नको हेच कारण असेल तर डोंगर हे त्याचं उत्तर नाही.

काळा कोट, अमरावती

भावनेच्या बाजूवर मी बोलत नाही. कायद्याचं मात्र आधी ठरवा, कारण लहान लग्नात लोकांचं नेमकं याकडेच दुर्लक्ष होतं.

हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न लावणार असाल तर माणसं किती याला महत्त्व नाही, विधीला आहे. कलम ७ सांगतं की दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि सप्तपदी हा त्या रूढीचा भाग असेल तर सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं की विधी न करता नुसतं नोंदणी प्रमाणपत्र घेतलं तर तो हिंदू विवाह ठरत नाही. म्हणून हारतुरे आणि फोटोंवर भागवू नका. विधी नीट करा, ते फोटोत येऊ द्या. नंतर नोंदणी. गावात ती ग्रामपंचायतीत होते, तीन साक्षीदार लागतात, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे लागतात, लग्न लावणाऱ्याची सहीही मागतात. पत्रिका छापणार नसाल तर तिच्याऐवजी काय चालेल हे आधीच विचारून घ्या.

दुसरा रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, पुढे ३० दिवस आक्षेपासाठी थांबायचं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते, पुन्हा द्यावी लागते. वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी येऊन लग्न लावण्याची सोय कलम १२ मध्ये आहे, जादा फी भरून. पण अधिकारी घाट चढून येतील यावर सगळा बेत उभारू नका. दर्यापूर, अचलपूर आणि चिखलदरा तिन्ही अमरावती जिल्ह्यातच आहेत, एवढं तुमच्या सोयीचं आहे.

सेमाडोहचा

वकीलसाहेबांनी सप्तपदी सांगितली, म्हणजे अग्नी आला. म्हणून मला लिहावं लागतंय.

१९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता. चिखलदरा गाव नगर परिषदेचं आहे, पण गावाबाहेर चार पावलं टाकली की जमीन कुणाची हे विचारल्याशिवाय सतरंजीसुद्धा अंथरू नका. राखीव जंगलात आग पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. पावसाळ्यानंतर गवत वाळायला लागतं. होमाची एक ठिणगी वाऱ्यानं उडाली तर वणवा विझवायला आमच्या गावची पोरं झाडाच्या फांद्या घेऊन पळतात, तुमचे फोटोवाले नाही. होम करायचाच तर मुक्कामाच्या जागेच्या अंगणात, मोकळ्या जमिनीवर कुंड ठेवून, बाजूला रेती आणि पाणी ठेवून करा. गाविलगडावर लग्नाचा विचार असेल तर सोडून द्या. तो संरक्षित किल्ला आहे, तिथं समारंभ परवानगीशिवाय चालत नाही. ड्रोन तर मुळीच नको.

आता हवा. चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे, म्हणून तर विदर्भात कॉफी फक्त इथंच होते. डिसेंबरच्या पहाटे कड्यावर जो वारा असतो त्यात नवरी पातळ शालूत उभी राहू शकत नाही आणि आजी तर नाहीच. सकाळी नऊनंतरचं ऊन धरा. पावसाळ्यात सगळं हिरवं दिसतं, पण धुक्यात दहा हातांवरचा माणूस दिसत नाही आणि घाटात दरड येते. एप्रिल-मेमध्ये खालच्यापेक्षा बरं असतं, पण तेव्हा आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरनं पाणी येतं. पाहुण्यांना न्हाऊमाखू घालायला ते पाणी वापरू नका, ही माझी विनंती आहे. नाताळाच्या आठवड्यात पर्यटकांची एवढी गर्दी असते की कुठल्याच पॉइंटवर तुम्हाला एकांत मिळणार नाही. परतवाड्याहून तीसेक किलोमीटरचा वळणांचा घाट आहे, म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच वर आणून ठेवा.

एक मनातलं सांगतो. मी कोरकू आहे. आमच्यात ढोल-बासरी वाजली की सगळा पाडा नाचतो, लग्न कुणा एकाचं राहत नाही. तुम्ही माणसं टाळायला आमच्या डोंगरावर येता, हे मला थोडं लागतं. या, पण इथल्या लोकांशी बोला, जेवण इथल्या बायांच्या बचत गटाकडून घ्या, आणि कचऱ्याची पिशवी खाली घेऊन जा.

वेचणीवाली

मी शिकली नाई. मी सांगतो अन् नात लिहिते.

मी लोकायच्या वावरात निंदाले अन् कापूस वेचाले जातो. पोरी, तुह्या मायसंग ज्या बाया टोबणीले, निंदनाले, वेचनीले येतेत त्या वीसात हायत का? नसनच. मोठं लगन असलं का आमालेबी पंगतीत पान भेटते. आमी धुतलेलं लुगडं नेसून येतो, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकतो. लगन लहान केलं का पयले आमचंच नाव कटते. मामा राहाते, मावशी राहाते, गाडीवाले सोयरे राहातेत. तू लहान असताना वावरात झाडाले झोका बांधून तुले कोनी झुलवलं, ते मायले इचार. ज्या बाईनं झुलवलं तिनं तुह्या आंगाले हयद लावू नये काय?

कर्ज काढू नको, हे मले कबूल हाय. कर्जानं काय होते ते आमी घरात पाह्यलं.

खारपाणातली लेक

आजी, तुमचं वाचून मी आईला विचारलं. तिनं लगेच दोन नावं सांगितली. त्यातल्या एकीच्या घरी मी आजच जाऊन आले.

तर हळद गावात होईल, आमच्याच अंगणात, आदल्या दिवशी सकाळी, आणि ती लावायला आधी या बाया येतील. लग्न मात्र चिखलदऱ्यालाच, त्यावर मी मागे हटत नाही. बिछायतवाले दादा, हिशेब तुमचा बरोबर असेल तरीही. कर्ज हे माझं एक कारण आहे, एकमेव नाही. ज्या क्षणी माझं आयुष्य बदलतं तो क्षण मला नीट ऐकू यायला हवा, आणि मांडवात हजार माणसं असताना तो कुणालाच ऐकू येत नाही. वर नेण्या-आणण्याचा आणि राहण्याचा खर्च आम्ही दोघं आमच्या पगारातून करणार आहोत, बाबांच्या कापसातून नाही.

सेमाडोहच्या दादांना: होम अंगणातच करू. जेवणाचंही तुम्ही म्हणता तसंच. माणसं टाळायला येतोय असं तुम्हाला वाटलं, ते मला बोचलं. लग्नाच्या दिवशी तुमच्याकडचा ढोल वाजवायला कुणी आनंदानं येत असेल, तर डीजे नको म्हणणारी मी त्याला नक्की हो म्हणेन. आजीचा पंचांगाचा आग्रह आहे, त्यामुळे तुळशीचं लग्न झाल्यावर आणि धनुर्मास लागायच्या आत, म्हणजे साधारण १५ डिसेंबरच्या आधीच तारीख काढू. नाताळाची गर्दी आपोआप टळेल.

खाली आल्यावर बाबांच्या वावरात गावजेवण. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. शेतातली वांगी, शेतातलीच तूर. आहेर कुणाकडूनही घेणार नाही.

तिवस्याची मास्तरीण

पोरी, सावध राहा. हळद गावात, लग्न डोंगरावर, जेवण वावरात. उद्या कुणी म्हणेल जेवण आहे तर व्याह्यांना कपडे हवेत, कपडे आहेत तर मानपान हवा. जो खर्च तू पुढच्या दारानं घालवलास तो मागच्या दारानं आत येतोय. रोडग्यांवर थांब आणि ते बाबांना आत्ताच, सगळ्यांसमोर सांगून ठेव.

बिछायतवाला

रोडग्यांना बिछायत लागत नाही, पण पाणी आणि उजेड लागतो. गावजेवणाला दिवे आणि पाण्याच्या टाक्या माझ्याकडून, भाडं फक्त वाहतुकीचं. आचारी गावातलाच सांगा.

वऱ्हाडी कास्तकार

वीस मानसायचं लगन मले अजून पटलं नाई. पन हयद अन् रोडगे गावात ठेवले, हे बरं केलं.

आहेर घेनार नाई, हे मात्र तू बोलू नको. ते तुहं नाई, तुह्या बापाचं अन् त्या लोकायचं हाय. ज्याच्या घरी त्यानं देल्लं त्याले परत कराची जागा पायजे. नाई घेतला तं तो मानूस जेवाले बसनार नाई, अन् बसला तरी त्याच्या गयाखाली घास उतरनार नाई. एक मानूस वही घिऊन कोपऱ्यात बसव, ज्याले द्याचं तो देईन. त्या पैशानं बापाचं पुढच्या सालचं बियानं भरजा.

अन् रोडग्याची तारीख आठ दिस पयले सांग. तवा वेचनीचा जोर राहाते, बायाले मजुरी बुडवून या लागते. सांजच्याले ठेवशीन तं सगळ्याजनी येतीन.