मदत हवी आहे: पुण्याची बर्गर चेन नाशिकमधले पहिले दुकान देऊ करतेय, सही करण्याआधी काय तपासावे?

कॉलेजरोडकर

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वीसेक दुकाने असलेली एक बर्गर चेन नाशिकला यायच्या विचारात आहे. शहर अजून नक्की नाही, योग्य फ्रँचायझी मिळाला तर येऊ म्हणतात. आम्हा दोन भागीदारांपुढचा प्रस्ताव असा.

कॉलेज रोडला ४५० चौरस फुटांचा गाळा, भाडे ७५,००० रुपये. फ्रँचायझी फी ६ लाख, सजावट आणि यंत्रसामग्री २२ लाख, 'कर वेगळे'. विक्रीवर रॉयल्टी ६ टक्के, जाहिरात निधी २ टक्के. बन, पॅटी, सॉस, फ्राइज, सगळा माल पुण्याच्या सेंट्रल किचनमधून आठवड्यातून दोनदा येणार आणि गाडीभाडे आमच्याकडे. त्यांचा अंदाज: कर सोडून सरासरी बिल २२० रुपये, रोज १८० ऑर्डर, त्यातल्या निम्म्या ऑनलाइन, १८ महिन्यांत पैसे वसूल.

नाशिककर बर्गर खातात का, हा प्रश्न नाही. हा व्यवहार बसतो का, ते सांगा.

वहीखाते

आधी 'कर वेगळे' या दोन शब्दांकडे बघा. रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तुम्ही भरलेला १८ टक्के कर परत येणार नाही, तो खर्चातच धरायचा. २८ लाखांचे ३३.०४ लाख झाले. भाडे ७५,००० नव्हे, ८८,५००. मालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही: ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूला अशा गाळ्याच्या भाड्यावर रिव्हर्स चार्जने स्वतः कर भरावा लागतो. रॉयल्टी ६ ची ७.०८ टक्के, जाहिरात २ ची २.३६ टक्के.

आता विक्रीच्या टक्क्यांत: कच्चा माल ३६, पॅकिंग ५, रॉयल्टी-जाहिरात मिळून ९.४४. ऑनलाइन कमिशन २२ टक्के धरले तर करासह २५.९६, ते निम्म्या विक्रीवर म्हणजे साधारण १३. हातात उरतात ३६.६ टक्के.

महिन्याचा ठरलेला खर्च: भाडे ८८,५००, सात जणांचा पगार पीएफसह १,३०,०००, वीज ३८,०००, गॅस १२,०००, किरकोळ दुरुस्ती-सॉफ्टवेअर-पेस्ट कंट्रोल २०,०००. त्यात गाडीभाडे. पुणे-नाशिक जाऊन-येऊन ४२० किलोमीटर, छोट्या रीफर (गोठवलेला माल नेणाऱ्या) गाडीचे किलोमीटरला २४ रुपये धरले तरी खेपेला १०,०००. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला सुमारे ८५,०००. एकूण ३,७३,५००. भागिले ०.३६६ म्हणजे १०.२ लाखांची विक्री, अर्थात रोज १५५ ऑर्डर. एवढ्यावर फक्त ना नफा ना तोटा.

कंपनीच्या १८० ऑर्डर खऱ्या मानल्या तरी महिन्याला ६१,००० च्या आसपास उरतात. ३३ लाख वसूल व्हायला साडेचार वर्षे, तीही कर्जाचे व्याज आणि तुमचा पगार न धरता. १८ महिन्यांचा हिशेब कुठल्या भाड्यावर आणि किती ऑनलाइन विक्रीवर केला ते लेखी मागा. माझे टक्के अंदाजाचे आहेत, त्या जागी पुण्यातल्या त्यांच्या तीन दुकानांचे खरे आकडे बसवा.

उणे अठरा

हिशेब बरोबर आहे, पण आठवड्यातून दोन खेपा लागतातच असे नाही. रोज दीडशे ऑर्डर म्हणजे सुमारे १९५ बर्गर. ७५ ग्रॅमची पॅटी धरली तर आठवड्याला १०० किलो, वर ५० किलो फ्राइज. हा माल उणे १८ अंशांवर महिनोन्‌महिने टिकतो. ५०० लिटरच्या डीप फ्रीझरमध्ये खोक्यांसह पावणेदोनशे ते दोनशे किलो बसतो. असे दोन ठेवले तर दहा दिवसांचा साठा राहतो आणि एक बंद पडला तर बराचसा माल दुसऱ्यात हलवता येतो.

गाडी दोनदा पळते ती बनसाठी. दहा दिवसांचे बन म्हणजे १,९५० नग. चार इंची बन पॅकिंगसह अर्धा लिटर जागा खातो, म्हणजे जवळजवळ हजार लिटर. हवा वाहून नेण्याचे भाडे तुम्ही भरताय. बन नाशिकमध्येच भाजून घ्यायची परवानगी मिळाली तर महिन्याला तीन खेपा पुरतात, भाडे ३०,००० वर येते. मग ना नफा-ना तोटा १३२ ऑर्डरवर. १८० ऑर्डर झाल्या तर वसुली २८ महिन्यांत. अख्ख्या प्रस्तावात मला हेच कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते.

माल उतरवताना एक सवय ठेवा. गाडीच्या तापमानकाट्यावर विश्वास न ठेवता दोन खोक्यांच्या मध्ये थर्मामीटर घालून मोजा. उणे १५ पेक्षा गरम असेल तर शेरा मारून परत पाठवा. चाकणला गाडी तासन्‌तास अडकते, तेवढ्यात वरचा थर वितळतो आणि पुन्हा गोठतो. पिशवीत आतून बर्फाचे खडे दिसले की ओळखायचे. अशा पॅटीचे आवरण तेलात सुटते, तेलही लवकर काळे पडते.

कॉलेजरोडकर

बनबद्दल आजच विचारले. तीन दुकाने झाल्यावर स्थानिक बेकरीला मान्यता देऊ, असे उत्तर आले. आम्ही स्वतः नमुना तयार करून दाखवला तर? बेकरीकडून नेमके काय मागायचे?

भट्टी

दाखवाच. पण 'बर्गरचा पाव द्या' म्हणालात तर लादीपावाचाच गोल भाऊ मिळेल. तो मऊ असतो, पण सॉस पितो आणि डब्यात खचतो. लेखी मागा: व्यास १०० मिलिमीटर, भाजल्यावर वजन ५५ ते ६० ग्रॅम, बिनअंड्याचा, कापलेली बाजू बारीक जाळीची. साखर जास्त पडली तर टोस्टरवर तीस सेकंदांच्या आत कडा काळ्या पडतात आणि मधला भाग ओलाच राहतो.

चाचणी एका दिवसाची नको. सलग तीन दिवस, प्रत्येक भट्टीतून दहा बन उचलून वजन करा, फरक दोन ग्रॅमच्या आत हवा. पूर्ण बर्गर बांधून डबा बंद करा आणि २५ मिनिटांनी उघडा. खालचा भाग बोटाने उचलताना फाटला तर नापास. नाशिकच्या थंडीत पीठ फुगायला वेळ लागतो आणि घाईत काढलेला बन घट्ट होतो, म्हणून प्रूफिंगची उबदार पेटी असलेलीच बेकरी निवडा. बनच्या पाकिटावर तारीख आणि बेकरीचा एफएसएसएआय क्रमांक असायलाच हवा, चेन तो आधी बघेल.

कांदा-टोमॅटोही पुण्याहून येणार असतील तर मात्र कमाल आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत शेजारी असताना ताजी भाजी स्थानिक खरेदीत टाकून घ्या.

तेलकट तवा

गाळ्याबद्दल. दोन इलेक्ट्रिक फ्रायर, ग्रिल, टोस्टर, फ्रीझर आणि एसी मिळून २० किलोवॉट सहज ओलांडतात. त्यावर महावितरणचा व्यावसायिक दर आणि स्थिर आकार बदलतो. फ्रायर गॅसवर घ्या. एमएनजीएल या गॅस कंपनीची पाइपलाइन त्या इमारतीपर्यंत आहे का ते आधी बघा, नसेल तर १९ किलोचे सिलिंडर ठेवायची जागा अग्निशमनच्या नियमात बसते का ते पाहा.

फ्रायर दोनच, पण एक कायम शाकाहारी. फ्राइज आणि आलू-व्हेज पॅटी त्यातच. चिकनचा बिघडला म्हणून 'आजच्या दिवस' त्यात चिकन तळले तर या शहरात विश्वास परत मिळत नाही. चिकनचा बंद असेल तर चिकन बंद. तेल १७५ ते १८० अंशांवर, पॅटीच्या गाभ्यात ७४ च्या वर. टोपली गच्च भरली की तापमान पडते आणि पॅटी तेल पिते. तेलातले पोलर घटक (तळून तळून तेल बिघडले की वाढणारे) २५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते टाकायचे, हा नियम आहे. मोजायचे यंत्र पहिल्याच खरेदीत घ्या, रंगावरून अंदाज चुकतो.

पिनकोड

करारात तीन गोष्टी. एक, क्षेत्राचा हक्क 'नाशिक शहर' असा मोघम नको. पिनकोडनिहाय लिहून घ्या आणि त्यात क्लाउड किचनही धरा. नाहीतर इंदिरानगरला नुसते किचन उघडून तुमची निम्मी ऑनलाइन विक्री दुसरा नेईल. दोन, दुसऱ्या-तिसऱ्या दुकानासाठी पहिली विचारणा तुम्हालाच. तीन, फ्रँचायझीची मुदत पाच वर्षे आणि भाडेकराराचा लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) तीन, अशी तफावत ठेवू नका. भाडेकरार नोंदणीकृतच हवा. ट्रेडमार्क वर्ग ४३ (रेस्टॉरंट सेवा) मध्ये कंपनीच्याच नावावर आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसते.

सिंहस्थाचे आकडे कुणी अंदाजात घातले असतील तर काढून टाका. २०२७ ची अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे श्रावणाच्या आगेमागे आहेत. त्या गर्दीत चिकन बर्गर खपणार नाही आणि वाहतुकीच्या निर्बंधांत मालाची गाडी मात्र अडकेल. त्या दोन महिन्यांसाठी जास्तीचा साठा आणि शाकाहारी मेनू आधीच ठरवा. सिंहस्थाच्या नावाने वाढवलेले भाडेही मान्य करू नका.

कॉलेजरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बनचे कलम मान्य झाले तरच पुढे जायचे ठरवतोय. पर्याय म्हणून गोविंदनगरला ४०० चौरस फुटांचा गाळा ५२,००० ला आहे, वर चार मजले राहती घरे. तिथे काय अडेल?

तेलकट तवा

धुराचा डक्ट. तो गच्चीच्या वरपर्यंत न्यावा लागेल आणि सोसायटीची लेखी संमती त्यासाठीच हवी. गाळेमालकाचे तोंडी 'हो' चालत नाही. ठरावात डक्टचा मार्ग, ब्लोअरची जागा आणि मांसाहारी पदार्थांचा उल्लेख स्पष्ट असू द्या. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ७ ते १० तिथे उभे राहून जवळच्या खाण्याच्या दुकानांतून किती डिलिव्हरी बाइक निघतात ते मोजा. करासह भाड्यात महिन्याला २७,००० वाचतात, म्हणजे ११ ऑर्डर कमी लागतील. ठराव हातात येईपर्यंत अनामत देऊ नका.